मॉर्फिनच्या कपाटाची किल्ली कुणाकडे?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाजवळ राहणाऱ्या या ताई सरकारी रुग्णालयातून परिसेविका म्हणून निवृत्त झाल्या आहेत. त्यांचे सासरे तोंडाच्या कर्करोगाने घरीच गेले. शेवटचे दिवस ते वेदनेने तळमळत होते आणि तालुक्यात मॉर्फिनची गोळी कुठेच मिळाली नाही. तेव्हापासून आपल्या दुमजली बंगल्यात बारा खाटांचं हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णाचे शेवटचे दिवस वेदनेविना जावेत म्हणून शुश्रूषा करणारी जागा, काढायचं त्यांच्या मनात आहे. अमेरिकेत राहणारा, तिथलं नागरिकत्व घेतलेला भाऊ पन्नास लाख द्यायला तयार आहे. पुण्यातला भाचा म्हणतो, प्रायव्हेट लिमिटेड काढ, दिवसाला साडेतीन हजार लाव, विमा कंपन्या भरतील. यजमानांचं म्हणणं, मरणाऱ्याकडून पैसे कसले घ्यायचे, सरळ ट्रस्ट कर. ओळखीचे एक भूलतज्ज्ञ आठवड्यातून दोनदा येतो म्हणालेत. आणि कुणीतरी सुचवलंय की 'सेवासदन' असं नाव दिलं तर नोंदणीची कटकटच नको. ताईंचा प्रश्न: ट्रस्ट की कंपनी? आणि पैसे घ्यावेत का?

ताई,

तुमच्या पत्रात ट्रस्ट आणि कंपनी यांच्याबद्दल पानभर मजकूर आहे आणि मॉर्फिनचा उल्लेख एकदाच, तोही सासऱ्यांच्या आठवणीत. मला हा क्रम उलटा हवा असं वाटतं. ज्या गोळीसाठी हे सगळं मनात आलं, ती तुमच्या कपाटात कायद्याने कशी येणार हे एकदा ठरलं की निम्मे निर्णय आपसूक सुटतात. उरलेले निम्मे पैशाचे आहेत, त्यांच्याकडे नंतर येते.

अमली पदार्थांचा १९८५चा कायदा, म्हणजे एनडीपीएस, तुम्हाला वॉर्डातून माहीत आहे. त्याच्या धाकाने कित्येक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं होतं. प्रत्येक राज्याचे नियम निराळे, एकेका खरेदीला अनेक परवाने, त्यात एक हातात येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपायची. २०१४ साली कायदा बदलला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं 'अत्यावश्यक अमली औषधं' ठरली आणि त्यांच्यापुरते देशभर एकच नियम आले. आता संस्थेला 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था', बोलीभाषेत आरएमआय, अशी मान्यता घ्यावी लागते. ती राज्याचे औषध नियंत्रक देतात, आपल्याकडे एफडीए, म्हणजे अन्न व औषध प्रशासन. एकदा ती मिळाली की दर खेपेला परवान्यांची वरात काढावी लागत नाही.

पण त्या मान्यतेसाठी वेदनाशमन आणि पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे आजार बरा होत नसला तरी त्रास कमी ठेवण्याचं, प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर लागतो, आणि साठ्याची जबाबदारी एका नावावर असते. तुमच्या भूलतज्ज्ञांना मॉर्फिन नवीन नाही, मात्र ऑपरेशन थिएटरातलं मॉर्फिन वेगळं आणि महिनाभर तोंडाने द्यायचं वेगळं. यासाठी छोटे प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहेत. ते करायला ते तयार आहेत का, हे आधी विचारा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे साठ्यासाठी नाव द्यायला तयार आहेत का? आठवड्यातून दोनदा चक्कर मारायला 'हो' म्हणणारे पुष्कळ असतात. नाव द्यायची वेळ आली की तेच लोक 'बघू' म्हणतात, आणि त्यात त्यांची चूक आहे असं मला वाटत नाही.

डीडीएचं, म्हणजे अमली औषधांचं कुलूपबंद कपाट तुम्ही वर्षानुवर्षं सांभाळलंय, म्हणून तुमच्यापुढे एक रात्र ठेवते. अडीच वाजलेत. तीन नंबरच्या आजोबांना गोळी दिली आणि दहा मिनिटांत ती उलटीत पडली. रजिस्टरमध्ये आधीची शिल्लक, दिलेली गोळी, उरलेली शिल्लक, सही अशी रकाने भरलेली ओळ आहे. दुसरी गोळी द्यायची तर कुणाच्या आदेशाने? पडलेल्या गोळीची नोंद कोण करणार आणि साक्षीला सही कुणाची, जर ड्यूटीवर एकच सिस्टर असेल? डॉक्टर साताऱ्यात झोपलेले. २०२०च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी अमली औषधं दूरस्थ सल्ल्यावर लिहून द्यायला मनाई केली आहे, तेव्हा 'फोनवर विचारलं' हे उत्तर पुढे तपासणीत टिकणार नाही. म्हणून प्रत्येक रुग्णाच्या कागदावर 'दुखणं उसळलं तर किती मिलिग्रॅम, किती वेळाने, दिवसातून जास्तीत जास्त किती वेळा, आणि उलटीत पडली तर काय' हा आदेश डॉक्टरांनी दाखल करतानाच लिहून सही करून ठेवलेला हवा. रात्रीची आणि सकाळची सिस्टर दोघींनी मिळून गोळ्या मोजून ड्यूटी बदलायची. रुग्ण घरी गेला आणि तिथे वारला तर उरलेल्या गोळ्या परत घेऊन त्यांची नोंद करायची. हे जमणार असेल तर तुमचं हॉस्पिस आहे. नसेल तर तो बारा खाटांचा वृद्धाश्रम होईल आणि सासऱ्यांसारखा माणूस तिथेही तसाच तळमळेल.

आता 'सेवासदन' नावाची युक्ती. महाराष्ट्राने केंद्राचा २०१०चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा स्वीकारलेला नाही. आपल्याकडे १९४९चा नर्सिंग होम नोंदणी कायदा चालतो, त्याचे नियम २०२१मध्ये सुधारले. त्या कायद्याला पाटीशी काही घेणंदेणं नाही. आजारी, जखमी किंवा दुर्बल माणसांना ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा होत असेल तर ती जागा नर्सिंग होम. तुम्ही सलाइन लावणार, कॅथेटर बदलणार, जखमेतल्या अळ्या काढणार. हे सेवासदन म्हणून कुणी मानणार नाही. शिवाय नोंदणी नाही तर आरएमआय कुठून मिळणार? ज्यांनी ही युक्ती सुचवली त्यांना एवढंच विचारा. नोंदणी साधारण तीन वर्षांची असते, मग नूतनीकरण. नव्या नियमांत दरपत्रक लावणं, रुग्णहक्कांची सनद लावणं, तक्रारीसाठी यंत्रणा ठेवणं आहे, आणि बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही.

इमारतीचं मी लांबवत नाही, कारण यातलं बहुतेक गावातला आर्किटेक्ट सांगेल: जागेचा अकृषिक वापर निवासी आहे की दवाखान्याला चालतो, बांधकामाचा मंजूर नकाशा, जैववैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची मंजुरी आणि कचरा उचलणाऱ्या सामाईक केंद्राशी करार. एका गोष्टीवर मात्र अडून बसा. वरच्या मजल्यावर रुग्ण ठेवू नका. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात जानेवारी २०२१मध्ये दहा तान्ही बाळं आगीत गेली, त्याच वर्षी विरार आणि अहमदनगर इथेही आगी लागल्या. हॉस्पिसमधले बहुतेक रुग्ण आग लागली तर स्वतःच्या पायाने बाहेर पडू शकत नाहीत. २००६च्या राज्याच्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यावं लागतं. ते पैसे देऊन आणायचं प्रमाणपत्र समजू नका. तळमजल्यावर सहा खाटा बसत असतील तर सहाच.

भाच्याच्या कोष्टकाकडे येते. बारा खाटा गुणिले साडेतीन हजार गुणिले तीस, महिन्याला बारा लाख साठ हजार. दिसायला छान. आता त्याला म्हणावं, कुठल्याही आरोग्य विमा पॉलिसीतलं 'एक्सक्लुजन ०५' हे वगळलेल्या खर्चांचं कलम काढून वाच. विमा नियामकाने सगळ्या कंपन्यांसाठी ठरवून दिलेली ती भाषा आहे: विश्रांतीसाठीची भरती, आंघोळ-कपडे यांसारखी दैनंदिन मदत, आणि मरणासन्न व्यक्तींच्या शारीरिक, सामाजिक, भावनिक, आध्यात्मिक गरजांसाठीच्या सेवा, यांचा खर्च मिळणार नाही. म्हणजे हॉस्पिस जे करतं नेमकं तेच वगळलेलं. तुमच्या भावाला हे विचित्र वाटेल, कारण तो जिथे राहतो तिथे १९८३पासून मेडिकेअर ही सरकारी विमा योजना हॉस्पिसला दिवसाच्या हिशोबाने पैसे देते. सहा महिने किंवा त्याहून कमी आयुष्य उरल्याचा डॉक्टरांचा दाखला हवा, आणि बरं करणारे उपचार सोडून हॉस्पिस निवडायची रुग्णाची तयारी हवी. तिथे या धंद्यात नफ्याच्या कंपन्या एवढ्या उतरल्या त्याचं कारण तो ठरलेला देणारा आहे. आपल्याकडे तो देणारा नाही. कुटुंबाचा खिसा किंवा देणगी, तिसरा रस्ता नाही.

आणि ज्या घरी वर्षभर केमो आणि रेडिएशन झालंय, त्या घरचा खिसा तुमच्यापर्यंत येईतो रिकामा झालेला असतो. समजा बारापैकी आठ खाटा भरल्या आणि त्यातल्या चौघांनाच पूर्ण दर परवडला, तर महिन्याला चार लाख वीस हजार. समोर खर्च लावा. पाळीला दोन सिस्टर धरल्या तर तीन पाळ्यांना सहा, आठवड्याचे ऑफ आणि रजा धरून आठ. ड्यूटी चार्ट तुम्हीच लावत होतात, तुम्हाला सांगायला नको. तेवढ्याच मावश्या, वॉर्डबॉय, स्वयंपाक, धुणं, ऑक्सिजन, जनरेटर. भावाचे पन्नास लाख खाटा-गाद्यांत आणि पहिल्या दीड-दोन वर्षांच्या तुटीत जातील. तिसऱ्या वर्षी कोण, हे नाव आत्ता कागदावर हवं. देशातलं पहिलं हॉस्पिस म्हणून ओळखलं जाणारं वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६पासून आणि पुण्यात वारज्यातलं सिप्लाचं केंद्र १९९७पासून रुग्णाकडून पैसे न घेता चालतं. पहिल्यामागे देणगीदारांची फळी आहे, दुसऱ्यामागे औषध कंपनीचा पैसा. तिथे जाऊन या. वॉर्ड बघाच, पण हिशोबाच्या खोलीतही बसा.

एवढं झाल्यावर तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. देणगीवर चालायचं तर प्रायव्हेट लिमिटेड उपयोगाची नाही. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी काढलेला पैसा घ्यायला संस्थेकडे आयकराच्या १२एबी (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) या नोंदण्या लागतात, त्या प्रायव्हेट लिमिटेडला मिळत नाहीत. तेव्हा एक तर १९५०च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला ट्रस्ट, नाहीतर कंपनी कायद्याच्या कलम ८ची ना-नफा कंपनी. जीएसटीत आरोग्यसेवेला तशीही सूट आहे, पण १२एबी असलेल्या संस्थेसाठी 'धर्मादाय कार्या'च्या व्याख्येत मरणासन्न रुग्णांची काळजी आणि समुपदेशन हे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत. माझा कल तुमच्या बाबतीत कलम ८कडे आहे. ट्रस्टमध्ये विश्वस्त बदलला, वारला की धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज, आणि ते अर्ज वर्षानुवर्षं पडून राहिलेले मी खूप पाहिलेत. कंपनीत दरवर्षीचं कागदकाम जास्त, पण माणूस बदलणं सोपं. तुम्ही दोघंही साठीला टेकलात, त्यामुळे माणूस बदलण्याची सोय आधी बघा. ट्रस्टच करायचा असेल तर विश्वस्तांत घरचे दोन आणि बाहेरचे तीन ठेवा. धर्मादाय रुग्णालयांची योजना तुम्हाला लागू झाली तर दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तुम्हाला ते जड जाऊ नये.

बंगला मात्र ट्रस्टच्या नावावर करू नका, निदान आत्ता तरी. एकदा तो ट्रस्टची मिळकत झाला की विकायला किंवा लांब मुदतीने भाड्याने द्यायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, आणि हॉस्पिस बंद पडलं तरी घर परत येत नाही. यजमानांना हे ठाऊक आहे का? मुलांना? नोंदणीकृत भाडेकरार करा, भाडं बाजारभावापेक्षा जास्त नको, कारण विश्वस्ताने संस्थेकडून जादा लाभ घेतला तर आयकराची सवलतच धोक्यात येते.

भावाच्या पैशात मोठी मेख आहे. तो भारतीय नागरिक असता तर त्याच्या बचतीतून आलेली देणगी विदेशी धरली गेली नसती. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलंय, मूळच्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी विदेशी देणग्यांवरच्या एफसीआरए कायद्याच्या नजरेत तो विदेशी स्रोत आहे. एफसीआरएची नोंदणी संस्थेला तीन वर्षं पूर्ण झाल्यावर आणि त्या काळात किमान पंधरा लाख मूळ कामावर खर्च केल्यावर मिळते. त्याआधी ठरावीक देणगीदाराच्या ठरावीक रकमेसाठी गृह मंत्रालयाची पूर्वपरवानगी मागावी लागते. कुणीतरी तुम्हाला नक्की सांगेल, भावाकडून बहिणीला भेट म्हणून घ्या आणि मग तुम्ही संस्थेत टाका. भावाने बहिणीला तिच्या स्वतःसाठी पैसे देणं चालतं. ते पुढे ट्रस्टमध्ये सरकवण्यासाठी घेणं हा कायद्याला दिलेला चकवा आहे, आणि पकडला गेला तर संस्थेचे पैसे गोठू शकतात, रुग्ण वॉर्डात असताना. हे करू नका. पूर्वपरवानगीचा अर्ज करा किंवा पहिली तीन वर्षं स्थानिक पैशावर लहान चाला.

पैसे घ्यावेत का? घ्यायला हरकत नाही असं माझं मत आहे. ज्याला परवडतं त्याच्याकडून घेतलेल्या पैशातून शेजारच्या खाटेचा खर्च निघत असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. लाज दर लपवण्यात आहे, आणि 'मोफत' म्हणून दारात घेऊन मग डायपर-औषधांचं बिल हातात देण्यात आहे. एक कायदेशीर बाजू मात्र यजमानांना सांगा. सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या निकालात म्हटलंय की जिथे सगळ्यांनाच मोफत सेवा आहे तिथे ग्राहक कायदा लागत नाही; पण काहींकडून पैसे घेत असाल तर मोफत रुग्णही ग्राहक ठरतो आणि ग्राहक आयोगात जाऊ शकतो. म्हणजे मिश्र पद्धत निवडलीत तर पहिल्या दिवसापासून व्यावसायिक दायित्वाचा विमा हवा, डॉक्टरांचा वेगळा, संस्थेचा वेगळा.

तक्रारी गोळीवरून क्वचित होतात. त्या होतात न बोललेल्या गोष्टींवरून. मुलगी म्हणते बाबांना इथेच राहू द्या, चार दिवसांनी पुण्याहून आलेला मुलगा विचारतो आयसीयूत का नाही नेलं. भरतीच्या वेळी एकाच पानावर, मराठीत, हे लिहून घ्या: इथे व्हेंटिलेटर नाही, छाती दाबून हृदय सुरू करण्याचा प्रयत्न होणार नाही, तब्येत खालावली तर दुसऱ्या रुग्णालयात हलवायचं की नाही, आणि घरातल्या कोणत्या एका माणसाशी आम्ही बोलायचं. शुद्धीत असलेल्या रुग्णाचं म्हणणं आधी, नातेवाइकांचं नंतर. कुणाला जीवनइच्छापत्र, म्हणजे आपण बोलू शकणार नाही तेव्हा कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेलं पत्र, करायचं असेल तर सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये त्याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जावं लागत नाही. मृत्यूच्या कारणाचा दाखला डॉक्टरांनी द्यायचा असतो आणि नातेवाइकांकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात. पहाटे चारला मृत्यू झाला तर तो कोण देणार, हेही त्या भूलतज्ज्ञांशी बोलून ठेवा, नाहीतर घरचे लोक शववाहिका लावून दुपारपर्यंत वाट बघत बसतील.

हे सगळं वाचून हातपाय गळाले असतील तर दुसरा रस्ता आहे, आणि खरं सांगायचं तर तुमच्यासाठी मला तोच आधी पटतो. पहिली दोन वर्षं खाटा नकोत. गाडी, तुम्ही, एक तरुण सिस्टर आणि ते डॉक्टर, असं घरी जाऊन काळजी घेणारं पथक करा. केरळात पॅलिएटिव्ह केअर वाढली ती गावोगावच्या घरभेटींतून. माणूस ठेवून घेत नसल्यामुळे नर्सिंग होमची नोंदणी लागत नाही, आग नाही, रात्रपाळी नाही. मॉर्फिन तुमच्या पर्समधून जाणार नाही. जवळच्या आरएमआय असलेल्या रुग्णालयाशी जोडून घ्या, तिथल्या डॉक्टरने रुग्ण पाहून लिहायचं, नातेवाइकांनी आणायचं, आणि तुम्ही घरी ती वेळेवर जाते का, बद्धकोष्ठाचं औषध सोबत सुरू आहे का, हे बघायचं. तालुक्यात किती रुग्ण आहेत, किती घरांना खाट खरोखर हवी आहे, हे दोन वर्षांत कळेल. शेजाऱ्यांचा 'मरणाचं घर नको' हा विरोधही तोवर मावळतो, कारण त्यांच्यातल्याच कुणाच्या तरी घरी तुम्ही जाऊन आलेल्या असता.

पुण्या-मुंबईतून अशीच पत्रं येतात, बहुतेक तरुणांची, ज्यांना घरपोच नर्सिंगची कंपनी काढायची आहे. त्यांच्यासाठी दोन ओळी. नर्सिंग ब्यूरो माणसं पुरवतो, आरोग्यसेवा देत नाही. तुम्ही उपचाराचं आश्वासन दिलंत तर जबाबदारीही उपचाराचीच येते. प्रत्येक सिस्टरची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी तपासा, मावशीला इंजेक्शन द्यायला लावू नका, आणि रुग्ण पाठवणाऱ्या डॉक्टरला कमिशन देऊ नका. कट प्रॅक्टिसवर उभा राहिलेला धंदा त्या डॉक्टरच्या मालकीचा असतो.

ताई, या महिन्यात तीनच कामं करा. साताऱ्याच्या एफडीए कार्यालयात जाऊन जिल्ह्यात आरएमआय कोणकोण आहेत ते लिहून आणा. भूलतज्ज्ञांना नाव देण्याबद्दल समोरासमोर विचारा. आणि भाऊ खाते क्रमांक मागत असेल तर सनदी लेखापालांनी लेखी सल्ला देईपर्यंत तो देऊ नका.